खर्जाचा नाद

मागील अंकीं पेटीच्या भात्याविषयीं मीं जें लिहिलें, त्यावर सोलापूरच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्या विचारतात, “आपल्या घरांत पेटीखेरीज दुसरें कांहीं वाजतें कीं नाहीं?” वाजतें; आणि गेल्या दिवाळीपासून त्यावरून आमच्या धाराशिवच्या घरांत जें काय वाजलें तें या खेपेस सांगून टाकावें असें मनाशीं ठरविलें आहे. गोष्ट घरगुती आहे. परंतु ज्या घरांत एक तरुण मुलगा आणि एक जुनें वाद्य आहे, त्या घरांत ती आज ना उद्यां घडावयाचीच, म्हणून ती सांगण्याचा संकोच वाटत नाहीं.

माझा पुतण्या, म्हणजे धाकट्या बंधूंचा चिरंजीव, पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. दिवाळीच्या फराळाला सारें घर पंक्तीस बसलें असतां त्यानें जाहीर केलें कीं, शिष्यवृत्तीचे आणि शिकवण्यांचे मिळून वीस हजार रुपये त्याच्यापाशीं सांठले आहेत आणि त्यांतून तो बेस गिटार घेणार आहे. आमचे वडील बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सारे दादाच म्हणतात, त्यांनीं हातांतली चकली ताटांत ठेवली आणि विचारलें, “म्हणजे ती चार तारांची? जिच्यावर गाणें वाजत नाहीं ती?”

“गाणें दुसरे वाजवितात, दादाकाका. ती खालून धरून ठेवते.”

“धरूनच ठेवायचें, तर वीस हजार माझ्याकडे दे. मी चांगले धरून ठेवीन.”

पंक्तींत हंशा झाला आणि मुलगा ओशाळला. परंतु दादांच्या बोलण्यांत नुसती थट्टा नव्हती. बोलतां बोलतां त्यांची दृष्टि माजघराच्या कोपऱ्याकडे गेली, ती मीं पाहिली. आणि आईनेंही पाहिली असावी, कारण तिनें लगेच कोणास चिवडा हवा का म्हणून विचारलें.

त्या कोपऱ्यांत आमच्या आजोबांचा तंबोरा गवसणींत उभा आहे. आजोबांनीं तो १९३८ सालीं मिरजेहून आणला. बार्शी लाइट रेल्वेचा फांटा १९२७ सालीं मिरजेपर्यंत पोंचला होता. त्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडींतून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत ते येडशीस उतरले आणि तेथून बैलगाडीनें घरीं आले. निजामाच्या हद्दींत शिरतांना करोडगिरीच्या शिपायानें एवढ्या मोठ्या भोपळ्यांत काय दडविलें आहे म्हणून तो उलटासुलटा करून पाहिला, ही गोष्ट आम्हां भावंडांना पाठ आहे. आजोबा काळी एक पट्टींत गात. पुढें त्यांनीं आपल्या सुनेला, म्हणजे आमच्या आईला, याच तंबोऱ्यावर शिकविलें. त्या काळीं सासऱ्यानें सुनेस समोर बसवून गाणें शिकविणें ही लहान गोष्ट नव्हती. सहा वर्षांपूर्वीं घराला रंग देतांना शिडी घसरली आणि भोपळ्यास तडा गेला. त्या दिवसापासून आई गाइली नाहीं. तक्रार तिनें कधीं केली नाहीं. आम्ही तिघे भाऊ मिळवते. नवा भोपळा बसवून घेण्यास जो खर्च आहे तो आमच्यापैकीं एकट्यासही जड नाहीं. परंतु दर वर्षीं कोणाचें तरी लग्न, कोणाचें तरी दुखणें, आणि तंबोरा आपला गवसणींत. म्हणून दादा म्हणाले तें हें, कीं घरांत वीस हजार आहेतच, तर ते आधीं तंबोऱ्याला लागावेत. बोलणें रास्त होतें, फक्त पैसे दुसऱ्याचे होते!

आतां या वादांत माझी बाजू कोणती हें वाचकांनीं ओळखलें असेल. मला लहानपणापासून खर्जाचा नाद आहे. कीर्तनांत लोक बुवांच्या तोंडाकडे पाहत, मी पखवाजाच्या डाव्या तोंडाकडे, जेथें कणकेचा गोळा लावलेला असतो तिकडे पाहत बसें. तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढें भजन ऐकून आलों म्हणजे दोन दिवस माझ्या कानांत अभंग नसे, तो पखवाजाचा ‘धा’ असे. त्यामुळें पुतण्यानें जेव्हां प्रथम आपल्या कानावरचीं श्रवणयंत्रें माझ्या कानांवर चढवून मला बेस गिटार ऐकविली, तेव्हां ही बाई कोणत्या गांवची आहे हें मला सांगावें लागलें नाहीं.

दादांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र नीट द्यावयास हवें. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास ८२ वेळां कंप पावते. बेस गिटारीची ४१ वेळां. म्हणजे ही पुरत्या एका सप्तकानें खालीं. चार तारा, आणि प्रत्येक आपल्या शेजारणीशीं षड्ज-मध्यमाच्या नात्यानें मिळविलेली. तारेस खालीं उतरवावयाचें तर ती लांब करावी, जाड करावी किंवा सैल सोडावी. फार सैल सोडली तर ती पडद्यांवर आपटून खडखडते. नुसती जाड केली तर ती तार न राहतां सळई होते आणि गात नाहीं. म्हणून बारीक पोलादी तारेवर दुसरी तार गुंडाळून तिला वजन देतात, आणि लांबी ३४ इंचांपर्यंत नेतात. गाणें तिच्यावर वाजत नाहीं असें नव्हे, वाजवितां येतें. परंतु तें तिचें काम नव्हे. डग्ग्यावर तरी कोणतें गाणें वाजतें? तरी पण मैफलींत डग्गा झांकून ठेवा आणि नुसत्या चाटेवर ठेका धरावयास सांगा. गवयाच्या पायांखालची जमीन निघून गेल्यासारखें होईल.

हें वाद्य फार जुनें नाहीं. पूर्वीं पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जासाठीं माणसाहून उंच असें उभें सारंगीवजा वाद्य असे. तें वाहून नेणें हा एक छळ, आणि पितळी वाद्यांच्या गर्दींत तें ऐकूंही येत नसे. सिॲटल शहरच्या पॉल टुटमार्क नांवाच्या गृहस्थानें १९३६ च्या सुमारास आडवें धरावयाचें विजेचें बेस वाद्य केलें, पण तें चाललें नाहीं. चाललें तें कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरचें, १९५१ सालचें. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर; त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. त्यानें उभ्या वाद्याची मान आडवी केली आणि तिच्यावर धातूचे पडदे ठोकले, म्हणजे बोट जरा इकडेतिकडे पडलें तरी स्वर चुकूं नये. म्हणून वाद्याचें नांवच त्यानें ‘प्रिसीजन’, म्हणजे अचूक, असें ठेविलें. तारेखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें. पोलादी तार हालली कीं वेटोळ्यांत वीज खेळते, आणि ती ध्वनिवर्धकांत जाऊन मोठी होते. यंत्र इतकें सोपें आहे कीं, पाऊणशें वर्षें होत आलीं तरी त्यांत मूळचा फरक फारसा झालेला नाहीं. या अचूक पडद्यांची गोष्ट वाचकांनीं जरा लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

यावरचीं माझीं मतें पुतण्यास मान्य नाहींत, तरी लिहून ठेवतों. पांचव्या तारेचें हल्लीं फार वेड आहे. ती ३१ कंपनांपर्यंत खालीं जाते. परंतु घरांतल्या लहान ध्वनिवर्धकाला तो स्वर पेलतच नाहीं, आणि ज्याला चार तारांत आपलें म्हणणें सांगतां येत नाहीं तो पांचवीवर काय सांगणार? तसेंच तारेचें. गोल वेटोळ्याची तार झणकारते, ती तरुणांना आवडते. चपट्या पट्टीनें गुंडाळलेली तार गुळगुळीत, तिचा आवाज आटोपशीर आणि डग्ग्यासारखा गोल. मला ती प्रिय. या मतांत मला एक थोर सोबती आहे. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मोटाउन नांवाच्या कंपनीसाठीं जेम्स जेमर्सन हा शेंकडों गाण्यांत बेस वाजवी. तो तुटल्याखेरीज तार बदलीत नसे, आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीनें सारें काम करी. कितीएक वर्षें तबकड्यांवर त्याचें नांवही छापलें जात नव्हतें. लोक गाणाऱ्यांचीं नांवें घोकीत होते आणि नाचत होते या माणसाच्या बोटावर. १९८३ सालीं तो वारला.

नखीनें वाजवावें कीं बोटानें, हाही एक वाद आहे. माझा कौल बोटाला. परंतु कॅरोल के या बाईंचें वादन ऐकल्यावर मी तो वाद सोडून दिला. ही मूळची गिटार वाजविणारी. १९६३ च्या सुमारास ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवाला आला नाहीं म्हणून तिच्या हातांत बेस आली, आणि पुढें ती हॉलिवुडांत त्या वाद्याची मानकरी झाली. मुलाबाळांचा संसार सांभाळून ती हें करी. आपल्याकडे मुंबईंत वाढलेली मोहिनी डे ही १९९६ सालीं जन्मलेली मुलगी आज जगभर या वाद्यावर नांव मिळवून आहे. वाद्य तिला वडिलांकडूनच आलें, कारण तेही बेसच वाजवीत. पुतणीला मीं मुद्दाम तिचें वादन ऐकविलें. ती म्हणाली, “काका, हिचीं बोटें दिसतच नाहींत.” खरी गोष्ट आहे, मला मात्र तीं दिसलेलीं बरीं वाटतात.

वाद्यवृंदांपैकीं माझ्या आवडीचे थोडेच. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी जर्मन बनावटीचें, व्हायोलिनच्या आकाराचें हॉफनर वाजवी. तो डावखुरा, दोन्हीं अंगें सारखीं असलेलें वाद्य उलटें धरलें तरी वेडेंबिद्रें दिसत नाहीं, म्हणून त्यानें तें १९६१ सालीं हँबर्ग येथें घेतलें. १९७२ सालीं तें चोरीस गेलें, आणि पन्नासांहून अधिक वर्षांनीं परत मिळाल्याची वार्ता २०२४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाली. ती वर्तमानपत्रांत वाचून दादा म्हणाले, “बघा, त्यानें शोधलें तरी.” टोमणा कोणास होता, आणि त्यांत ते स्वतः कितपत सांपडत होते, हें त्यांचें त्यांना ठाऊक.

पिंक फ्लॉइड या मंडळींचें १९७३ सालचें ‘मनी’ हें गाणें बेसवरच चालतें, आणि त्याचें आवर्तन सात मात्रांचें आहे. हें मीं हातावर मोजून काढलें तेव्हां मला फार आनंद झाला. विभाग आपल्या रूपकासारखे पडत नाहींत, आणि मध्येंच मंडळी चारांवर येतात, तरी पण सातांची ती लंगडती चाल ऐकून आमच्या मोठ्या वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, “हें कांहीं तरी आपल्यांतलें वाजतें आहे.” हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतला टोनी वाझ यांचा बेस असाच ऐकण्यासारखा आहे. तीं गाणीं आपण सर्वांनीं हजार वेळां ऐकलीं. एकदां नुसता खालचा आवाज धरून ऐकावीं, म्हणजे ओळखीच्या घराचें तळघर पाहिल्यासारखें वाटतें.

आणि एक जॅको पॅस्टोरियस. या फ्लोरिडाच्या पोरानें फेंडरच्या वाद्यावरचे ते अचूक पडदे उपटून काढले, खांचा लुकणानें बुजविल्या आणि वर नौकेस लावतात तसलें कठीण रोगण चढविलें. पडदे कशानें काढले म्हणून विचारलें तर लोणी लावण्याच्या सुरीनें, असें तो सांगत असे. पडदे गेल्यावर स्वर स्वरावरून घसरूं लागला, म्हणजे आपली मींड आली. १९७६ सालीं त्याची पहिली तबकडी निघाली आणि बेस वाजविणाऱ्यांची एक पिढी आपल्या वाद्याकडे नव्यानें पाहूं लागली. १९८७ सालीं अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं तो गेला. त्याची मींड प्रथम ऐकली तेव्हां मला आठवण झाली ती चौंडक्याची. यल्लम्माचे जोगती वाजवितात तें. एका तोंडाला कातडें, त्यांतून ओवलेली तांत, ती ताणीत आणि सैल सोडीत काठीनें छेडली कीं आवाज खालून वर घसरत जातो. पुतण्यास हें सांगितलें तर तो हंसला. मग त्यानें शोधून ऐकलें, आणि हंसणें थांबलें.

वैशाखांत दादांच्या नातवाची मुंज झाली. आमची कुलदेवता तुळजापूरची भवानी. मंगलकार्य झालें कीं घरीं गोंधळ घालावयाचा हा कुळाचार. आमचे गोंधळी कदमराई, पिढ्यान्‌पिढ्यांचे. म्हाताऱ्याच्या वडिलांनीं माझ्या मुंजींत गोंधळ घातला होता. अंगणांत चौक मांडला, दिवटी पेटली, आणि संबळावर पहिली थाप पडली तसा पुतण्या, जो इतका वेळ माळवदावर मोबाइल घेऊन बसला होता, तो खालीं येऊन म्हाताऱ्याच्या अगदीं गुडघ्याशीं बसला. संबळ म्हणजे दोन जोडलेले नगारे, एक धाकटा चढ्या आवाजाचा आणि एक थोरला खर्जाचा. दोन्हीं काठ्यांनीं वाजवावयाचे, त्यांतल्या एका काठीचें टोंक वळलेलें. वर तुणतुण्याची एकच तार, जी एकच स्वर धरून बसते, आणि झांज. या चार वस्तूंत रात्रभर पुरेल एवढें संगीत आहे. पहांटे आरती झाल्यावर मुलानें म्हाताऱ्याकडून काठ्या मागून घेतल्या. अर्ध्या तासांत त्याच्या मनगटाला पेटके आले.

चहा घेतांना म्हातारा मला म्हणाला, “काका, पोराचा कान खर्जाचा हाय. आमचा बी तसाच व्हता.” आमचा म्हणजे त्याचा मुलगा. तो कोठें आहे म्हणून विचारलें. “डीजेच्या गाडीवर हाय. वरातीला जातो. आता ह्या संबळाला त्येच्या कानावर जोर येत न्हाई. मोठ्यानं बोललं तरच ऐकू येतं त्याला.”

यावर मीं काय बोलणार? गणपतीच्या मिरवणुकींत आणि वरातींत त्या गाड्या आमच्या गल्लींतून जातात तेव्हां कपाटांतलीं भांडीं थरथरतात आणि आई छातीवर हात ठेवून आंतल्या खोलींत बसते. भिंती बारीक आवाज अडवितात, परंतु खर्ज भिंतींतून निघून येतो. म्हणून दारें-खिडक्या लावून घेतल्या तरी गाणें कोणतें तें कळत नाहीं आणि दणका तेवढा घरांत येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहण्याच्या वस्तीस दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे, रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. मीं एकदां लेखी तक्रारही केली, तिची पोंच अद्याप यावयाची आहे. पण त्या पहांटे मला मिरवणुकीचा राग आला नाहीं. ज्या मुलाला बापाच्या थोरल्या नगाऱ्यानें ओढून घ्यावयाचें, त्याला त्याच नादानें ट्रकांतल्या खोक्यांनीं ओढून नेलें, आणि कान घेतले. आवड तीच, फक्त तिला घरीं बसावयास जागा मिळाली नाहीं.

हें संभाषण दादांनींही ऐकलें होतें, आणि पुतण्यानेंही. त्याच दिवशीं दुपारीं तो आईपुढें जाऊन बसला आणि वीस हजारांचें पाकीट त्यानें तिच्या मांडीवर ठेवलें. “आजी, तंबोरा आधीं करूं. माझें वाद्य पुढच्या वर्षीं बघतां येईल.”

आईनें पाकीट उघडूनही पाहिलें नाहीं. तें त्याच्या हातांत परत देऊन ती म्हणाली, “तुझे पैसे तुझ्या वाद्याला. माझ्या तंबोऱ्याला तीन मुलगे आहेत.”

खोलींत आम्ही तिघेही होतों. दादा उठून बाहेर गेले. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं आम्हां दोघां भावांना माडीवर बोलाविलें, आणि सहा वर्षें जें झालें नव्हतें तें पांच मिनिटांत झालें. “मिरजेला तूं घेऊन जा,” ते मला म्हणाले, “आणि त्या पोराला बरोबर ने. त्याला कळूं दे वाद्य कसें होतें तें.”

ज्येष्ठांत आम्ही दोघे निघालों. अडीच फुटी रूळ केव्हांच गेले. आतां रुंद मार्गाची गाडी धाराशिवांतूनच जाते. तंबोरा मुलाच्या मांडीवर आडवा. मिरजेंतील हा धंदा मूळच्या शिकलगारांचा. तलवारी-भाल्यांचें काम कमी झालें तसे एकोणिसाव्या शतकांत ते वाद्यांकडे वळले, आणि फरीदसाहेब सतारमेकर यांचें नांव त्यांत आद्य म्हणून घेतात. अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या तंबोरा मिळविण्याबद्दल ख्याति असलेल्या गवयाचें वास्तव्य त्या गांवांत झालें, त्यामुळें कारागिरांचे कान गवयांनीं घडविले आणि गवयांचीं वाद्यें कारागिरांनीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. म्हणजे आजोबांची गाडी ज्या मुलखांतून आली, त्याच मुलखांतला भोपळा.

कारागिरानें तंबोऱ्यावर नखानें टिचकी मारली, कान लावला आणि म्हटलें, लांकूड चांगलें आहे, भोपळा जाईल. मग त्यानें मुलाला घोडीवरची जवारी दाखविली. घोडीचा माथा अगदीं किंचित् उतरता घांसलेला असतो. तार त्यावरून सरळ न सुटतां पृष्ठभागाला चाटून कंप पावते, आणि तार व घोडी यांमध्यें सुताचा धागा, ज्याला जीवा म्हणतात, तो नेमक्या जागीं सरकविला कीं तार बोलूं लागते. खर्जाच्या पितळी तारेंतून तर न छेडलेला गंधार आपोआप निघतो. पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याला पांचव्या उपस्वराचें गणित ठाऊक होतें, गंधार ऐकला मात्र पहिल्यानेंच. तो कारागिराच्या पुढ्यांत दोन तास बसून होता. येतांना गाडींत मला म्हणाला, “काका, आमच्याकडे तार खडखडली कीं दोष समजतात. हे लोक तोच दोष घांसून घांसून त्याचा स्वर करतात.”

तंबोरा महिन्याभरानें आला. त्यापूर्वींच पुण्यास त्यानें कोणाची तरी वापरलेली बेस गिटार घेतली होती, चार तारांची. आणि तिच्यावर चपट्या तारा चढविल्या होत्या, ही माझी मर्जी राखण्यासाठीं असावें.

परवां एकादशीच्या दुपारीं दोन्हीं वाद्यें प्रथमच एका खोलींत आलीं. आईनें तंबोरा मांडीवर न घेतां समोर आडवा ठेवून मिळविला. हात थरथरतात, परंतु खुंटी कोठें थांबवावी हें त्यांना अजून कळतें. काळी एकचा खर्ज, सेकंदास सुमारें ६९ कंपनें, खोलींत भरला. सहा वर्षांनीं तो आवाज ऐकून मोठ्या वहिनी शेगडी बंद करून दारांत येऊन उभ्या राहिल्या. पुतण्यानें लहानसा ध्वनिवर्धक अगदीं हळू ठेवून तोच षड्ज बेसवर लावला. दोन आवाज एकमेकांत असे मिसळले कीं कोणता कोणाचा तें कळेना. मग त्यानें पंचम घेतला. आईनें मान हलविली. मग गंधार. आईचा तंबोऱ्यावरचा हात थांबला.

“गंधार चढा आहे रे.”

त्यानें स्वर तपासण्याचें यंत्र लावून पाहिलें. “बरोबर दाखवितें आहे, आजी.”

“यंत्राला तंबोरा ऐकूं येतो का?”

तिचें म्हणणें खरें होतें. षड्जाचीं १०० कंपनें धरलीं तर तंबोऱ्यांतून आपोआप निघणारा गंधार १२५ वर असतो. फेंडरच्या अचूक पडद्यांनीं सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, त्यांत गंधार पडतो १२६ वर. पंचमाचा फरक इतका बारीक कीं जाणवत नाहीं, गंधाराचा मात्र सुरेल कानाला खुपतो. पेटीवर हाच आक्षेप होता. १९४० सालीं रेडिओनें तिला जी बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली, त्यांत हें एक कारण होतें. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले, हवे तसे सरकवितां येतात, हे ठोकलेले. पुतण्यानें बोटानें तार ओढून पाहिली, पण ओढल्यानें स्वर चढतोच, उतरत नाहीं. अलीकडच्या पडद्यावरून ओढून गंधार गांठावयाचा तर तेवढी जाड तार बोटाला दाद देईना. तो खिन्न होऊन पडद्यांकडे पाहत राहिला. आईनें पुन्हां तंबोरा छेडला आणि अगदीं खालच्या आवाजांत षड्ज लावला. आवाज कांपला, मग बसला. कोणीच कांहीं बोललें नाहीं.

दादा इतका वेळ झोंपाळ्यावर वर्तमानपत्र तोंडापुढें धरून बसले होते. तें त्यांनीं घडी करून ठेवलें.

“अरे,” ते पुतण्यास म्हणाले, “तो तुझा अमेरिकेंतला, पडदे उपटणारा. त्यानें ते कशानें काढले म्हणाला होतास?”

“लोण्याच्या सुरीनें, दादाकाका. असें तो सांगे.”

दादांनीं दारांत उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलें. वहिनी म्हणाल्या, “माझी सुरी मिळणार नाहीं.”